अमरावती ते बर्लिन : शर्यत पाहणाऱ्यांचा इतिहास

वऱ्हाडातील माणसाला शर्यतीचे वेड नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येत आली आहेत. बैलांच्या जोड्या धावाव्यात आणि माणसांनी दुतर्फा उभे राहून त्यांना हाकारे घालावेत, ही आपल्याकडील जुनी रीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पट ओस पडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळताच ते पुन्हा भरू लागले. धावणाऱ्या जोड्या मोजक्या असतात, पाहणारे मात्र हजारो. तरीही इतिहास लिहिला जातो तो धावणाऱ्यांचा. पाहणाऱ्यांची दखल क्वचितच कोणी घेतो.

हा विषय आज आमच्या मनात येण्यास एक निमित्त घडले. अमरावती-अकोल्याकडील काही कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेली आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढला की ती आईवडिलांना तिकडे बोलावून घेतात. देवळे-राजवाडे पाहून झाल्यावर मुले म्हणतात, "चला, सायकलींची शर्यत पाहायला जाऊ." मे महिन्यात इटलीची 'जिरो', जुलैमध्ये फ्रान्सची 'टूर द फ्रान्स', ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनची 'वुएल्ता', अशा तीन मोठ्या शर्यती तेथे होतात. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना प्रश्न पडतो : सायकली पाहण्यासाठी एवढा प्रवास कशाला? त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा आम्हाला प्रथम आठवली ती अमरावतीच्याच तरुणांची एक सफर. तिला आता नव्वद वर्षे होत आली.

आखाड्यातून आगबोटीवर

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ठाऊक नाही असा वऱ्हाडी माणूस विरळा. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी ते रोपटे लावले. तांबड्या मातीचा हौदा, मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम, हुतूतू आणि खो-खो ही तेथील विद्या. पारतंत्र्याच्या त्या काळात शरीर कमावणे हे केवळ शरीरापुरते राहिले नव्हते. आपण दुबळे आहोत असे जे आपल्याला शिकवले जात होते, त्याला ते मूक उत्तर होते.

१९३६ साली या मंडळाचे एक पथक समुद्रमार्गे जर्मनीला गेले. वऱ्हाडचा कापूस ज्या वाटेने रेल्वेने मुंबईला आणि तेथून आगबोटीने विलायतेला जात असे, त्याच दिशेने या खेपेस वऱ्हाडची माणसे निघाली होती. बर्लिन येथे १ ते १६ ऑगस्ट या काळात ऑलिंपिक सामने भरले होते. अमरावतीचे हे तरुण पदकांच्या शर्यतीत उतरणारे स्पर्धक नव्हते. सामन्यांच्या निमित्ताने देशोदेशींचे शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी बर्लिनमध्ये एकत्र आले होते. त्यांच्यापुढे आपले देशी व्यायाम आणि खेळ मांडावेत व इतरांचे पाहून यावेत, अशी ही दुहेरी कामगिरी होती. आपल्या गल्लीबोळांत खेळला जाणारा हुतूतू ऑलिंपिकच्या निमित्ताने परदेशी प्रेक्षकांपुढे आला तो याच वर्षी. आज 'कबड्डी' या नावाने तो आशियाई स्पर्धांत खेळला जातो, तेव्हा त्या आरंभाची आठवण अमरावतीने अभिमानाने जपावी हे योग्यच आहे. पुढे १९४९ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे 'लिंगियाड' हा जागतिक व्यायाम महोत्सव झाला, तेव्हाही मंडळाचे पथक तेथे गेले होते.

पारतंत्र्यातील देशाच्या तरुणांना त्या दिवसांत काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. त्यांच्या देशाला स्वतःचे निशाण नव्हते. अशा वेळी परक्या राजधानीत आपला मल्लखांब पाहून टाळ्या पडाव्यात, आणि त्याच नगरीत ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात यजमान जर्मनीलाच ८-१ असे नमवावे, हा आनंद लहान नव्हता. जो ओळखलाच जात नाही, त्याला कोणीतरी पाहिले, एवढ्यानेही बळ येते.

पडद्यापुढे आणि पडद्यामागे

त्याच दिवसांत बर्लिनमध्ये सायकलच्या शर्यतीही झाल्या. १० ऑगस्टला शंभर किलोमीटरची रस्त्यावरील शर्यत झाली. त्यापूर्वीच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीत एकेका स्पर्धकाला अंतराने सोडून घड्याळाच्या हिशेबाने निकाल लावीत. बर्लिनमध्ये सर्वांना एकदम सोडण्यात आले. फ्रान्सचा रोबेर शार्पांतिए पहिला आला आणि त्याचाच सहकारी गी लापेबी एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने मागे राहिला. या गी लापेबीचा भाऊ रोजे याने पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स जिंकली. धावपट्टीवरील शर्यतीत मात्र वेगळा प्रकार घडला. अंतिम फेरीत जर्मनीच्या टोनी मेर्केन्सने हॉलंडच्या आरी व्हान व्लीट याला अडथळा केला. त्याला बाद करण्याऐवजी शंभर मार्क दंड झाला आणि सुवर्णपदक त्याच्याकडेच राहिले. हा मेर्केन्स पुढे महायुद्धात जखमी होऊन १९४४ साली मरण पावला.

हजारो पाहुण्यांनी हे सारे डोळे भरून पाहिले. जे त्यांना दाखवले गेले नाही, ते आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यू लोकांविरुद्धचे फलक सामन्यांपुरते रस्त्यांवरून उतरवले होते. त्यांचे नागरिकत्व हिरावून घेणारे १९३५चे कायदे मात्र जागच्या जागी होते. सामन्यांच्या पंधरवडाभर आधी बर्लिनमधील शेकडो रोमा व सिंती लोकांना उचलून मार्त्सान येथील छावणीत नेऊन टाकण्यात आले होते. शहराच्या उत्तरेस ओरानियनबुर्ग येथे झाक्सेनहाउझेनच्या यातनातळाचे बांधकाम त्याच उन्हाळ्यात चालू होते.

कॅथॉलिक वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. आडाल्बर्ट प्रोब्स्ट हा 'डॉइचे युगेंडक्राफ्ट' या जर्मनीतील कॅथॉलिक तरुणांच्या क्रीडासंघटनेचा प्रमुख होता. जुलै १९३४च्या आरंभी नाझींनी त्याला ठार केले. वर्षभराने त्याची संघटनाही बंद पाडली. म्हणजे १९३६ साली जगातील खेळाडूंचे स्वागत करणाऱ्या सरकारने आपल्याच देशातील कॅथॉलिक तरुणांची मैदाने आधी ओस केली होती. पुढे पोप पायस अकरावे यांचे जर्मन भाषेतील परिपत्रक १९३७च्या झावळ्यांच्या रविवारी तेथील चर्चमधून वाचले गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग पेटवली गेली, तेव्हा बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलमध्ये फादर बर्नहार्ड लिख्टेनबर्ग यांनी छळ झालेल्या ज्यू लोकांसाठी उघड प्रार्थना केली. १९४३ साली डाखाऊच्या यातनातळाकडे नेले जात असताना त्यांना मरण आले, आणि १९९६ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले.

सायकलपटूंतही एक मनुष्य असा निघाला. कोलोनचा आल्बर्ट रिख्टर १९३२ साली हौशी सायकलपटूंत वेगाच्या शर्यतीचा जगज्जेता ठरला होता. धंदेवाईक झाल्यामुळे बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. त्याने नाझी सलाम करण्याचे नाकारले, स्वस्तिक असलेला सदरा टाळला आणि आपल्या ज्यू मार्गदर्शकाची साथ सोडली नाही. १९३९च्या अखेरच्या दिवशी एका ज्यू स्नेह्याचे पैसे सायकलच्या टायरमध्ये लपवून स्वित्झर्लंडला नेत असता तो पकडला गेला, आणि दोन-तीन दिवसांतच लोराख येथील तुरुंगात त्याचा अंत झाला.

हे सांगताना अमरावतीच्या तरुणांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांची विद्या खरी होती, त्यांना मिळालेला मानही खरा होता. त्या उन्हाळ्यात मोठमोठ्या देशांचे मुत्सद्दी आणि पत्रकारही त्या झगमगाटाने दिपून गेले होते. मग हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्यांकडून अधिक कसली अपेक्षा करावी? पण त्या सफरीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण आज एवढे शिकावे की, यजमान जे दाखवतो त्याच्या पलीकडेही एक गाव असते. दूर जाऊन पाहणाऱ्याने कौतुक करताना चौकशीही करावी.

रस्त्याकडेची जत्रा

आता मुलांनी पाहायला नेलेल्या त्या शर्यतीकडे वळू. टूर द फ्रान्सचा जन्म १९०३चा. 'लोटो' नावाच्या क्रीडापत्राचा खप वाढावा म्हणून संपादक आन्री देग्रांज यांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी साठ जण निघाले, २,४२८ किलोमीटरची फेरी पूर्ण केली ती एकवीस जणांनी, आणि जिंकला मोरिस गारँ. १९१९ पासून आघाडीवरच्या स्पर्धकाला पिवळा सदरा मिळू लागला. दोन महायुद्धांच्या काळात खंड पडला, तो सोडल्यास ही शर्यत आजतागायत चालू आहे.

आपल्या पट-जत्रेशी तिचे साम्य असे की तिला तिकीट नाही. रस्ता सर्वांचा आणि कडेची जागा आधी येणाऱ्याची. डोंगरातील टप्प्याला कित्येक कुटुंबे आदल्या दिवशीच येऊन मुक्काम ठोकतात. रस्ता काही तास आधी बंद होतो. मग जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक येते. ही प्रथा १९३० पासूनची. गाड्यांतून टोप्या आणि खाऊ उधळला जातो आणि लहानथोर तो झेलतात. त्यानंतर पुन्हा दीर्घ प्रतीक्षा. शेवटी आकाशात हेलिकॉप्टरचा आवाज येतो, लोक उठून उभे राहतात आणि सायकली येतात. सपाट रस्त्यावर सारा घोळका मिनिटभरात नजरेआड होतो. चढावर मात्र एकेकाचा चेहरा दिसतो : घामेजलेला, आवळलेल्या ओठांचा. दिवसभर ताटकळून लोक पाहायला येतात ते हे कष्ट. उन्हात उभे राहून पालखीची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

वऱ्हाडच्या कॅथॉलिक कुटुंबांना या रस्त्यांशी जोडणारा एक धागा आहे. आपल्याकडे श्रद्धेचे बीज पेरणारे सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातील आनसी गावचे. १८३८ साली फादर पिएर मेर्मिए यांनी तो संघ स्थापला आणि १८४५ साली त्याचे पहिले धर्मगुरू भारताकडे निघाले. नागपूरच्या मिशनमधून त्यांनी वऱ्हाडात काम केले आणि १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच आनसीच्या तळ्याकाठून आणि भोवतालच्या घाटांतून टूर द फ्रान्स अनेकदा गेली आहे. २०१३ साली शेवटून दुसरा टप्पा आनसीहूनच सुटून सेम्नोझच्या डोंगरावर संपला. मुलांनी त्या बाजूला नेले तर आईवडिलांनी केवळ सायकली पाहून परतू नये. जे धर्मगुरू हा गारवा सोडून आपल्या उन्हात आले आणि बहुतेक येथेच मातीला मिळाले, त्यांचे गावही पाहून यावे.

जिनो बार्ताली

शर्यत पाहणाऱ्यांच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पान इटलीचे आहे. जिनो बार्ताली याचा जन्म १९१४चा, म्हणजे अमरावतीच्या आखाड्याच्याच वर्षाचा. फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या खेड्यातील तो गरीब घरचा मुलगा. १९३६ साली त्याने जिरो जिंकली आणि त्याच जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ जुलिओ एका शर्यतीतील अपघातात दगावला. जिनो सायकल सोडण्याच्या बेतात होता. पुढे तो कार्मेल संघाचा तृतीय श्रेणीचा सदस्य झाला. १९३८ साली त्याने टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा मुसोलिनीच्या राजवटीला तो विजय स्वतःचा म्हणून मिरवायचा होता. बार्तालीने त्या कामी आपला विजय दिला नाही.

१९४३ साली जर्मन सैन्याने इटली व्यापली आणि ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी त्यांना मठांतून आश्रय देण्याची व्यवस्था उभारली. लपलेल्यांना खोटी ओळखपत्रे हवी असत आणि ती असिसीच्या छापखान्यात तयार होत. छायाचित्रे आणि कागद सायकलच्या पोकळ नळ्यांत लपवून बार्ताली ने-आण करीत असे. फ्लॉरेन्स ते असिसी हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक, म्हणजे अमरावतीहून नागपूरला जावे त्याहून थोडे जास्तच. सरावाला निघालेल्या जगप्रसिद्ध सायकलपटूला अडवणार कोण? वाटेत लोक त्याला ओळखून गोळा होत, आणि सांगतात की त्या गर्दीकडे पहारेकऱ्यांचे लक्ष वेधले की दुसरीकडे कोणाला तरी निसटता येई. ज्या कौतुकाच्या गर्दीचा बर्लिनमध्ये पडदा म्हणून वापर झाला, त्याच गर्दीच्या आडून येथे माणसे वाचली.

युद्धानंतर बार्तालीने याविषयी मौन पाळले. २००० साली तो निवर्तला आणि २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याला 'राष्ट्रांतील नीतिमान' हा सन्मान दिला; कार्डिनल दाल्ला कोस्ता यांना तो आदल्याच वर्षी मिळाला होता. या कथेच्या काही तपशिलांवर अलीकडे इतिहासकारांत वाद झाला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तो वाद चालू राहील. पण सन्मानाला आधार मिळाला तो वाचलेल्यांच्या साक्षींचा.

१९४८ साली, पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी, बार्तालीने टूर पुन्हा जिंकली. त्या जुलैमध्ये इटलीच्या साम्यवादी नेत्यावर, तोलियात्तीवर, गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि देश यादवीच्या उंबरठ्यावर होता. बार्तालीच्या विजयाच्या बातम्यांनी लोकांचा क्षोभ निवळला, असे इटलीत आजही म्हणतात. लगेचच्या वर्षी, १९४९ साली, पोप पायस बारावे यांनी कोमो तलावाजवळील गिसाल्लो टेकडीवरच्या पवित्र मरियेला सायकलपटूंची आश्रयदात्री घोषित केले. त्या चिमुकल्या चॅपेलमध्ये विजेत्यांच्या सायकली आणि सदरे ठेवलेले आहेत. १९९५च्या टूरमध्ये उतारावर पडून मरण पावलेल्या फाबिओ कासार्तेलीची मोडकी सायकलही तेथेच आहे. विजय आणि मृत्यू एकाच भिंतीवर पाहायला मिळतात, म्हणून शर्यत पाहायला जाणाऱ्याने ही टेकडी चुकवू नये.

पाहणाऱ्याचे कर्तव्य

पाहणाऱ्यांनी शर्यती बिघडवल्याचीही उदाहरणे आहेत. १९०४च्या दुसऱ्याच टूरमध्ये आपल्या गावच्या गड्यासाठी लोकांनी इतरांना मारहाण केली, रस्त्यात खिळे टाकले. अखेर गैरप्रकारांमुळे पहिले चार जण बाद झाले आणि एकोणीस वर्षांचा आन्री कोर्ने विजेता ठरला. १९७५ साली एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. २०२१ साली एक बाई कॅमेऱ्यासाठी फलक धरून रस्त्यात पुढे आली. तिची पाठ शर्यतीकडे होती. क्षणात सायकलींचा ढीग झाला आणि पुढे न्यायालयाने तिला दंड केला. आणि लान्स आर्मस्ट्राँगचे सात विजय उत्तेजक द्रव्यांमुळे २०१२ साली रद्द झाले, तेव्हा रस्त्याकडेच्या लक्षावधींनी वर्षानुवर्षे जे पाहिले ते फसवे ठरले.

याउलट, सोबतीसाठी परदेशी गेलेलीही माणसे आहेत. अमेरिकेचा आडवा पट्टा ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. तीत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने, आणि २०१७ साली आपल्या विदर्भातील नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने यश मिळवले. तेथे वाळवंटातील रस्त्याकडेला फारशी गर्दी नसते. मागून गाडी घेऊन येणारे सोबती असतात, तेच पाणी देतात, जागे ठेवतात, वाट दाखवतात. शर्यतीमागे जाण्याचा हा सर्वांत कष्टाचा प्रकार, आणि त्यांची नावे पदकावर कोरली जात नाहीत.

तेव्हा आईवडिलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : जरूर जावे. रस्त्याकडेला उभे राहावे, पहिल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात आणि सर्वांत शेवटी येणाऱ्यासाठीही थांबावे. कारण तोवर बहुतेक लोक निघून गेलेले असतात. त्या देशात परक्यांना आणि दुबळ्यांना कसे वागवतात, तेही डोळे उघडे ठेवून पाहावे. आणि परत आल्यावर एखाद्या संध्याकाळी मुला-नातवंडांना घेऊन अमरावतीच्या हनुमान आखाड्याकडे जावे. १९३६ साली येथून निघालेली मुले किती दूर गेली, त्यांनी काय दाखवले आणि त्यांना काय दाखवले गेले नाही, हे तेथे मल्लखांबापाशी उभे राहून नातवंडांना सांगावे.